पाच नमुने आणि एक शिक्का

‘एक्स्पोर्ट क्वालिटी’ हे दोन शब्द आपल्या बाजारात मोठ्या आदराने उच्चारले जातात. आंबा असो, तांदूळ असो की कोळंबी, परदेशी जाणारा माल म्हणजे तपासलेला, शिक्का मारलेला आणि म्हणून निर्धोक, असे आपण धरून चालतो. या समजुतीत तथ्य नाही असे नाही. परंतु तपासणी म्हणजे नेमके काय, तिने काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याची चर्चा क्वचितच होते. गोठवलेल्या मासळीची निर्यात हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे. या व्यवस्थेवर आमचे काही आक्षेप आहेत आणि ते विज्ञानाच्या शिक्षकांपुढे मांडावेत असे वाटते, कारण त्यातले बहुतेक प्रश्न शाळेतल्या गणित-विज्ञानाच्या आवाक्यातले आहेत.

आधी व्यवस्थेची ओळख करून घेऊ. निर्यातीच्या मालाची गुणवत्ता तपासण्यासाठी भारताने १९६३ मध्ये कायदा केला आणि त्याखाली निर्यात निरीक्षण परिषद स्थापन झाली. मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता आणि दिल्ली येथील निरीक्षण संस्थांमार्फत तिचे काम चालते. १९७२ च्या कायद्याने सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण आले. त्याचे मुख्यालय कोचीला आहे. २०२३-२४ या वर्षात भारताने १७,८१,६०२ टन सागरी उत्पादने निर्यात केली आणि त्यांचे मोल ६०,५०० कोटी रुपयांहून अधिक होते. त्यात एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा वाटा ४०,००० कोटींच्या वर, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश. इतका मोठा व्यवहार अखेर एका कागदावर, आरोग्य प्रमाणपत्रावर, अवलंबून असतो.

पाचातले शून्य

साल्मोनेला हा जिवाणू पोटाच्या विकारांना कारणीभूत होतो. तो मूळचा समुद्रातला रहिवासी नाही. माणसांच्या व जनावरांच्या विष्ठेतून, दूषित पाण्यातून वा बर्फातून तो मासळीवर येतो. थंडीने तो पुरता मरत नाही, केवळ सुप्त राहतो. त्यामुळे गोठवलेल्या मालात त्याचा शोध घ्यावा लागतो. युरोपीय संघाच्या २००५ च्या सूक्ष्मजीवविषयक नियमांत शिजवलेल्या कोळंबीसाठी कसोटी अशी आहे: खेपेतून पाच नमुने घ्यायचे आणि प्रत्येकाच्या २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला आढळता कामा नये. पाचांत शून्य, ही अट ऐकायला कडक वाटते. आता थोडे गणित करू.

समजा एका खेपेतली शंभरातली पाच पाकिटे दूषित आहेत. एक पाकीट उचलले तर ते स्वच्छ निघण्याची संभाव्यता ०.९५. पाचही स्वच्छ निघण्याची संभाव्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.७७. याचा अर्थ असा की अशा शंभर दूषित खेपांपैकी सत्त्याहत्तर खेपा तपासणीतून सहीसलामत पार होतील. दूषित पाकिटांचे प्रमाण एक टक्का असेल तर पंचाण्णव खेपा पार होतील. दहा टक्के असेल तरी एकोणसाठ. एक टक्का दोष पंचाण्णव टक्के खात्रीने पकडायचा असेल तर जवळजवळ तीनशे नमुने लागतील; आणि प्रयोगशाळेत गेलेला नमुना पुन्हा ताटात येत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या शीत कंटेनरमध्ये वीस टन माल असेल आणि आपण त्यातला सव्वाशे ग्रॅम तपासला, तर तो मालाचा एक लाख साठ हजारावा भाग झाला. ‘एवढ्याशा नमुन्यावरून काय कळणार?’ असे कोणीही म्हणेल. पण हा आक्षेप बरोबर नाही. वरच्या गणितात खेपेचा आकार कोठेच आलेला नाही. खेप पुरेशी मोठी असली की फक्त नमुन्यांची संख्या महत्त्वाची ठरते. पातेलेभर आमटीची चव एका चमच्यात कळते, मग पातेले घरचे असो की लग्नाचे. मात्र त्यासाठी आमटी ढवळलेली असावी लागते. गोठलेल्या कोळंबीचे ब्लॉक ढवळता येत नाहीत. दूषितता येते ती एका टोपलीतून, एका माणसाच्या हातून, बर्फाच्या एका गाडीतून, म्हणजे पुंजक्यापुंजक्याने. एकाच कोपऱ्यातून पाच नमुने उचलले तर वरचे गणितही जास्त आशावादी ठरते.

आणखी एक बाब. खेप नापास झाली की ‘पुन्हा तपासा’ अशी मागणी होते. पाच टक्के दूषित असलेल्या खेपेला दुसरी संधी दिली, तर दोनदांपैकी एकदा तरी पास होण्याची संभाव्यता ०.७७ वरून ०.९५ वर जाते. माल तोच, जिवाणू तेच. बदलला तो फक्त नियम. दूषित असलेला नमुना दूषितच होता. नंतरचा स्वच्छ नमुना त्याला खोडून काढत नाही.

मग तपासणी निरर्थक आहे काय? नाही. एखादा कारखाना वर्षभरात अशाच वीस खेपा पाठवील, तर त्या सर्वच्या सर्व पार होण्याची शक्यता शंभरात एकापेक्षाही कमी आहे. म्हणजे ही चाचणी वाईट खेप पकडण्यात कमजोर आहे, परंतु सातत्याने वाईट काम करणारा कारखाना ओळखण्यात बरीच समर्थ आहे. आमचा पहिला आक्षेप येथे आहे. जी चाचणी कारखान्याच्या सवयींबद्दल बोलते, तिचा निकाल आपण या विशिष्ट खेपेच्या निर्दोषपणाचा दाखला म्हणून वाचतो.

जे विचारले तेच कळते

दुसरा आक्षेप चाचणीच्या स्वरूपाबद्दल आहे. प्रयोगशाळा फक्त विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते. समुद्रातून पकडलेल्या कोळंबीबाबत मुख्य प्रश्न जिवाणूंचा होता. तळ्यातल्या कोळंबीचे उत्पादन वाढले, २००९ मध्ये व्हॅनामेई जातीला भारतात परवानगी मिळाल्यावर तर ते फारच वाढले, तसा प्रतिजैविकांच्या अवशेषांचा प्रश्न पुढे आला. २००१-०२ च्या सुमारास आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान या औषधांचे अंश सापडू लागले आणि मोठी खळबळ उडाली. क्लोरॅम्फेनिकॉलमुळे क्वचित रक्तनिर्मितीच बंद पडते आणि त्याची सुरक्षित मात्रा ठरवता आलेली नाही. म्हणून अन्नातल्या प्राण्यांसाठी ते वर्ज्य आहे. भारतातही मत्स्यशेतीत ही औषधे वापरण्यास मनाई आहे.

वर्ज्य म्हणजे शून्य. पण शून्य मोजणारे उपकरण नसते. युरोपाने २००३ मध्ये प्रयोगशाळांसाठी क्लोरॅम्फेनिकॉलची पातळी किलोला ०.३ मायक्रोग्रॅम ठरवली, म्हणजे सुमारे ३,३०० टनांत एक ग्रॅम. पुढे उपकरणे सुधारली आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून ती ०.१५ झाली. आदल्या दिवशी ‘शून्य’ असलेली कोळंबी दुसऱ्या दिवशी ‘दूषित’ ठरू शकते. नियम कडक होण्याला आमचा विरोध नाही. परंतु ‘सापडले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा नसून ‘या उपकरणाला, या पातळीपर्यंत दिसले नाही’ असा आहे, हे प्रमाणपत्र वाचणाऱ्याला सांगितले गेले पाहिजे.

याच्या उलट चूकही होते. नायट्रोफ्युरान प्राण्याच्या शरीरात फार लवकर विघटित होतात, म्हणून प्रयोगशाळा मूळ औषध न शोधता प्रथिनांना चिकटून राहणारे त्याचे अवशेष शोधते. नायट्रोफ्युराझोन या औषधाची अशी खूण म्हणजे सेमिकार्बाझाइड. पण हाच पदार्थ गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या कवचात निसर्गतःच असतो, असे पुढील संशोधनात आढळले. म्हणजे तळ्यात औषधाचा थेंबही न टाकणाऱ्या शेतकऱ्याची कोळंबी कवचासकट दळून तपासली तर ती दोषी ठरू शकते. चोराच्या पायात वहाणा होत्या, म्हणून वहाणा घालणारा प्रत्येक जण चोर, असा हा न्याय झाला. कवच वगळून आतले मांस तपासणे हा त्यावरचा एक साधा उपाय.

जपानचे उदाहरणही बोलके आहे. मत्स्यखाद्यातील चरबी खवट होऊ नये म्हणून एथॉक्सिक्विन हे रसायन वापरत. २०१२ मध्ये जपानने भारतीय कोळंबीत ते तपासायला सुरुवात केली. मर्यादा होती दशलक्ष भागांत ०.०१. प्रतिजैविकांसाठी तळी धुंडाळणाऱ्या आपल्या यंत्रणेने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नव्हता, खेपा अडकल्या. २०१४ मध्ये जपानने ती मर्यादा ०.२, म्हणजे वीसपट, केली. मर्यादा ठरवण्यात विज्ञान असते, पण केवळ विज्ञानच असते असे नाही.

अंतराळवीरांच्या शिदोरीतून

तपासणीच्या या मर्यादा नव्याने उमगलेल्या नाहीत. १९६० च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांचे अन्न तयार करताना पिल्सबरी कंपनीपुढे नेमका हाच प्रश्न आला. अंतराळात पोट बिघडून चालणार नव्हते. आणि तयार अन्न तपासून खात्री करायची तर इतके नमुने लागत की खायला फारसे काही उरत नसे. तेव्हा नासा आणि अमेरिकी लष्कराच्या नॅटिक येथील प्रयोगशाळेच्या सहकार्याने वेगळी पद्धत आकाराला आली. शेवटी तपासण्याऐवजी आधी विचार करायचा: धोका कोठे शिरू शकतो, तो कोणत्या टप्प्यावर रोखता येतो, तेथे काय मोजायचे, मोजमाप चुकले तर काय करायचे. हीच ‘हॅसप’ म्हणून ओळखली जाणारी पद्धत, म्हणजे धोक्यांचे विश्लेषण आणि निर्णायक नियंत्रण बिंदू.

बांगड्याचे उदाहरण घ्या. मासा मेल्यावर तो उबेत राहिला तर जिवाणू त्याच्या मांसातील हिस्टिडीनपासून हिस्टामाइन बनवतात. खाणाऱ्याला अंगावर गांधी उठणे, डोके दुखणे, उलट्या असा त्रास होतो. एकदा तयार झालेले हिस्टामाइन गोठवून जात नाही आणि शिजवूनही जात नाही. मग त्याचा निर्णायक बिंदू कोणता? कारखान्यातले उणे चाळीस अंशांचे यंत्र नव्हे, तर नौकेवरचा बर्फ. जाळे वर आल्यानंतरचे पहिले काही तास हातचे गेले की पुढचे सारे यंत्र-तंत्र व्यर्थ.

ही पद्धत आपल्याकडे स्वेच्छेने फारशी आली नाही. ती बंदीच्या धक्क्याने आली. प्रक्रियेदरम्यान नियंत्रण ठेवण्याचे नियम भारताने १९९५ मध्ये केले होते. तरी १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने स्वच्छतेतील उणिवांवर बोट ठेवून भारतीय मासळीची आयात बंद केली. अटी पूर्ण करणाऱ्या कारखान्यांना नंतर टप्प्याटप्प्याने दार उघडले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने मासळीसाठी हॅसप सक्तीचे केले. आपल्या कारखान्यांनी फरश्या बदलल्या, बर्फाची व पाण्याची व्यवस्था सुधारली, बाहेरच्या शेडमधले सोलण्याचे काम नियंत्रणाखाली आणले. हा बदल खरा आहे आणि त्याचे श्रेय दिले पाहिजे.

सरळ रेषेतली नोंदवही

परंतु हॅसपचा सारा डोलारा नोंदींवर उभा आहे. शीतगृहाचे तापमान, पाण्यातले क्लोरीन, बर्फाचा दर्जा, सारे लिहून ठेवायचे आणि निरीक्षकाने ते पाहायचे. युरोपला जाणारे आरोग्य प्रमाणपत्रही मुख्यतः हेच सांगते की माल हॅसप राबवणाऱ्या, मान्यताप्राप्त कारखान्यातून आला आहे. आता या नोंदी कशा दिसतात? आम्ही पाहिलेल्या एका नोंदवहीत शीतगृहाचे तापमान महिनाभर, दर चार तासांनी, उणे अठरा होते. एकदाही उणे सतरा नाही, एकदाही उणे एकोणीस नाही. शाई एक, अक्षर एक.

शिक्षकांना हे चित्र ओळखीचे वाटेल. दोलकाचा आवर्तकाल पाचही वेळा अचूक २.०१ सेकंद आलेल्या प्रयोगवह्या आपण दरवर्षी पाहतो. खऱ्या मोजमापात चढउतार असतात. शीतगृहाचे दार उघडते, नळ्यांवर साठलेले हिम वितळवण्यासाठी यंत्र थांबते, तेव्हा तापमान थोडे वर जाते आणि पुन्हा उतरते. हा चढउतार म्हणजे दोष नव्हे, तर कोणीतरी खरोखर मोजल्याचा पुरावा आहे. नोंद सरळ रेषेत असेल तर ती तापमानाबद्दल काहीच सांगत नाही, नोंद करणाऱ्याबद्दल सांगते. आणि निरीक्षक चढउतार दिसला की दंड करणार असेल, तर सरळ रेषाच लिहिली जाणार. प्रयोगवहीत ‘अपेक्षित’ उत्तर न आल्यास गुण कापणाऱ्या परीक्षकाने विद्यार्थ्यांना जे शिकवले, तेच येथेही शिकवले जाते. स्वतः नोंद करणारी तापमापके आता महाग राहिलेली नाहीत. पण त्यांच्या आलेखातले उंचवटे समजून घेणारा निरीक्षक असेल तरच त्यांचा उपयोग.

सोलणाऱ्या हातांचे काय?

आमचा सर्वांत गंभीर आक्षेप यापुढचा आहे. कोळंबी यंत्राने सोलली जाते त्याहून कितीतरी अधिक हातांनी सोलली जाते आणि हे हात बहुतांशी स्त्रियांचे असतात. मुंबईचा ससून धक्का असो वा केरळ-आंध्रचा किनारा, बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास हात घालून त्या बसलेल्या दिसतील. मजुरी अनेक ठिकाणी वजनावर मिळते: जितके सोलाल तितके पैसे. नियम सांगतो की जुलाब वा हाताला जखम असणाऱ्याने अन्नाला हात लावू नये. नियम शास्त्रशुद्ध आहे. पण घरी राहिले तर त्या दिवसाची मजुरी जाते, हे तिला ठाऊक आहे. मग ती आजार सांगेल की लपवील?

हॅसपच्याच भाषेत बोलायचे तर हा धोका आत शिरण्याचा बिंदू आहे आणि तो रोखण्याचा उपाय आहे आजारपणाची भरपगारी रजा. पुरेशी शौचालये, साबण, पाणी आणि तेथे जायला मिळणारा वेळ हेही त्यातच आले. धोक्यांचे विश्लेषण करणाऱ्या जाडजूड पुस्तिकांत क्लोरीनचे प्रमाण असते, हातमोजे असतात, टोप्या असतात. रजेचे पान मात्र आमच्या पाहण्यात आलेले नाही. ‘हा कामगार कायद्याचा विषय आहे, अन्नविज्ञानाचा नव्हे’ असे उत्तर मिळते. जिवाणूला ही वाटणी माहीत नसते. ज्या व्यवस्थेत खरे सांगणाऱ्याचे नुकसान होते, त्या व्यवस्थेला खरी माहिती मिळत नाही, हे विज्ञानाचेच सूत्र आहे.

आणि आपल्या ताटातली मासळी?

परदेशी ग्राहकासाठी एवढा खटाटोप होतो. देशातल्या बाजाराचे काय? २००६ च्या कायद्याने अन्नसुरक्षा प्राधिकरण आले, नियमही आले. पण कोळणीच्या टोपलीपर्यंत ते क्वचित पोहोचतात. २०१८ मध्ये आधी केरळात आणि मग गोव्यात बाहेरून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याचा बोभाटा झाला. गोवा सरकारने काही दिवस मासळीची आयात थांबवली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने झटपट तपासणीचे संच तयार केले होते, त्यांचा उपयोग झाला. पण येथेही प्रश्न नीट विचारावा लागतो, कारण काही माशांत साठवणुकीच्या काळात फॉर्माल्डिहाइड आपोआप तयार होते. आपला बोंबील त्यांतलाच. ‘आहे की नाही’ एवढेच विचारणारी चाचणी बोंबलावर अन्याय करील. ‘किती आहे आणि या माशात स्वाभाविक किती असते’ असे विचारावे लागेल.

दोन दर्जांच्या या व्यवस्थेचे समर्थन ‘ते पैसे देतात’ असे केले जाते. परंतु नौका तीच, धक्का तोच, बर्फही बहुधा तोच. धक्क्यावरचे पाणी स्वच्छ केले तर निर्यातीची आणि घरची मासळी एकाच वेळी सुधारते. कारखान्याच्या फाटकाच्या आत खर्च केलेला पैसा मात्र फाटकाच्या आतच राहतो. प्रमाणपत्राच्या मागे लागून आपण फाटकाच्या आतल्या भागावर अधिक लक्ष दिले, असे आमचे मत आहे.

वर्गात काय करता येईल?

एक हजार चिंचोके घ्या. त्यांतल्या पन्नासांवर रंगाचा ठिपका द्या आणि पिशवीत घालून चांगले मिसळा. तीस विद्यार्थ्यांना आळीपाळीने न बघता पाच-पाच चिंचोके काढायला सांगा; मोजून झाले की पुन्हा पिशवीत टाकायचे. एकही ठिपका न आल्यास ‘खेप पास’. साधारण तेवीस जण पास म्हणतील. मग ठिपक्यांचे चिंचोके एका पुरचुंडीत बांधून पिशवीच्या तळाशी ठेवा आणि वरवरून काढायला सांगा. आता सगळेच पास म्हणतील. पहिल्या भागात घातांक शिकवून होतो. दुसऱ्या भागानंतर ‘ढवळणे’ म्हणजे काय, हे मुलेच सांगतील.

यानंतर त्यांच्यापुढे कोणतेही प्रमाणपत्र ठेवा: पाण्याच्या बाटलीवरचे, हेल्मेटवरचे, वाटल्यास दहावीचे. चार प्रश्न विचारायला सांगा. किती नमुने तपासले? काय शोधले आणि काय शोधलेच नाही? नोंद कोणी केली आणि वाईट नोंद केल्यास त्याचे काय झाले असते? हे प्रमाणपत्र कोणासाठी आहे आणि कोण त्याच्या बाहेर राहिले? या प्रश्नांची उत्तरे शिक्क्यावर छापलेली नसतात; ती मागून घ्यावी लागतात, आणि मागण्याची सवय शाळेतच लागू शकते.